घरीच असते

डिसेंबर २००४. निफाड तालुक्यातलं एक गाव. ओट्यावर सतरंजी, माझ्या मांडीवर पॅड, पॅडला अडकवलेला पाहणीचा फॉर्म आणि समोर घरमालक. नाव, वय, शिक्षण, जमीन किती, त्यात बागायत किती, सगळं विचारून झालं. मग मी म्हटलं, "आणि मंडळी काय करतात?"

"ती? ती घरीच असते."

मी रकान्यात ९२ लिहिलं. तेवढ्यात चहा आला. चहा आणणाऱ्या बाईंची बोटं कांद्याच्या पातीनं हिरवी झालेली, पदराला माती. कपबशी ठेवून त्या पडवीच्या टोकाला गेल्या. तिथं लाल कांद्याचा हा एवढा ढीग पडला होता. त्यांनी विळा उचलला आणि मघाशी अर्धवट राहिलेलं काम पुढे चालू केलं. चहात साखर जास्त होती, हेही मला आठवतं. मी कप खाली ठेवला आणि शेजारच्या घरी गेलो.

मी तेव्हा नाशिकच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि शनिवार-रविवारी एका संस्थेच्या पाहणीसाठी खेडोपाडी फॉर्म भरत होतो. कोड वापरायचे ते राष्ट्रीय नमुना पाहणीचेच. ११ म्हणजे स्वतःचा धंदा, २१ म्हणजे घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस, ३१ म्हणजे पगारी नोकरी, ५१ म्हणजे रोजंदारी. ९१ पासून पुढचे सगळे श्रमशक्तीच्या बाहेरचे. ९१ शिकणारे. ९२ फक्त घरकाम करणाऱ्या. ९३ म्हणजे घरकाम आणि शिवाय सरपण आणणं, चारा गोळा करणं, घरापुरतं शिवणटिपण वगैरे. ९४ पेन्शनवाले. भीक मागणारे ९७ मध्ये. यादी पाठ झाली की हात आपोआप चालतो. बाई म्हटली की ९२, आणि शाळेत जाणारी असली तर ९१. नियमाप्रमाणे आणखी एक प्रश्न विचारायचा असतो : वर्षात ३० दिवस किंवा त्याहून जास्त दुसरं काही काम केलं का? केलं असेल तर ते दुय्यम काम म्हणून लिहायचं. हा प्रश्न मी पहिल्या दहा-बारा घरांत विचारला. पुढे फॉर्म लांबायला लागला, ऊन चढायला लागलं, आणि मी तो सोडून दिला. ही पहिली कबुली.

दुसरी जास्त लाजिरवाणी आहे, कारण ती छापलेली आहे. २०१३ च्या सुमारास एका विशेषांकासाठी मी लेख लिहिला. ग्रामीण भारतातल्या काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण २००४-०५ मध्ये ३२.७ टक्के होतं, २००९-१० मध्ये ते २६.१ वर आलं आणि २०११-१२ मध्ये २४.८ वर. देशाचं उत्पन्न वाढतंय, मुली शिकतायत, आणि बायका मात्र कामावरून कमी होतायत. देशभरातले अर्थतज्ज्ञ यावर लिहीत होते. माझ्याकडे उत्तर तयार होतं. फळ्यावर मी ते बरीच वर्षं काढत आलो होतो : इंग्रजी यू अक्षर. गरीब समाजात सगळ्या राबतात. समाज जरा सुधारला की नवऱ्याच्या कमाईत भागतं आणि बाई घरी थांबते. मग शिकलेल्या मुली कचेऱ्यांत येतात आणि रेघ पुन्हा वर चढते. क्लॉडिया गोल्डिन यांचा या वक्राकाराविषयीचा निबंध नव्वदच्या दशकातला, आणि मला तो अतिशय आवडायचा. मी लिहिलं, आपण यूच्या तळाशी आहोत, घाबरण्याचं कारण नाही, बाई घरी बसणं हे खेड्यात आलेल्या सुखाचं लक्षण आहे. "उन्हातून सुटका" असा शब्द मी वापरला होता. लेखाचं कौतुक झालं. स्त्रियांच्या अदृश्य श्रमांबद्दल बोलणाऱ्यांना मी त्यात एक चिमटाही काढला होता : कार्यकर्त्यांची तक्रार वेगळी आणि संख्याशास्त्र वेगळं, असा. त्यावर दोन-तीन प्राध्यापक मित्रांनी फोन करून शाबासकी दिली.

गोल्डिनबाईंनी त्यांच्या देशाच्या १८९० च्या जनगणनेबद्दलही लिहिलं आहे. शेतात राबणाऱ्या, घरात भाडेकरूंची जेवणं करणाऱ्या कितीतरी विवाहित बायका त्या गणतीत कामकरी म्हणून धरल्याच गेल्या नव्हत्या, आणि ती बेरीज दुरुस्त केल्याशिवाय यूची डावी बाजू नीट दिसतच नाही. ते मी वाचलं होतं. म्हणजे डोळ्यांखालून गेलं होतं.

२०१७ साली एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. बी. ए. ला माझ्या वर्गात होती, आता मुंबईत शिकवत होती आणि पीएच. डी. करत होती. बायकांच्या न मोजलेल्या कामाचा विषय ऐकून मी मनात म्हटलं, हीसुद्धा तिकडेच गेली. तिला माझे जुने फॉर्म हवे होते. संस्था कधीच बंद पडली होती. फॉर्मांच्या प्रती माझ्या माळ्यावर, खोक्यांत. दोघांनी मिळून खोकी खाली काढली. झुरळांनी कोपरे खाल्ले होते. ती खाली बसून एकेक फॉर्म चाळत होती आणि मी वर खुर्चीत बसून तिला यू समजावत होतो.

"सर," ती मध्येच म्हणाली, "ही उत्तरं दिली कोणी?"

"म्हणजे काय? घरच्यांनी."

तिनं बोट ठेवलं. फॉर्मच्या पहिल्या पानावर एक चौकोन असतो : माहिती देणाऱ्याचा अनुक्रमांक. घरातल्या माणसांच्या यादीतला नंबर तिथं लिहायचा. कुटुंबप्रमुखाचा नंबर नेहमी एक. तिनं चाळलेल्या साठेक फॉर्मांत, माझ्याच अक्षरात, एक, एक, एक. दोन-चार ठिकाणी तीन होता, म्हणजे थोरला मुलगा. दोन हा आकडा, म्हणजे घरधनीण, मला एकदाच सापडला. ते घर विधुराचं होतं आणि दोन नंबरवर त्याचा भाऊ होता.

हसू आलं दोघांनाही. पण तिनं मला लगेच सोडलं नाही, आणि ज्याची मला अपेक्षा होती ते ती बोललीही नाही. मला वाटलं ती म्हणेल, पुरुषांना विचारलं म्हणून बायकांचं काम बुडालं. तिनं टांझानियातल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. त्याचा निबंध २०११ साली आला. काही घरांत थोडक्यात प्रश्न विचारले, काही घरांत खोदून. काही ठिकाणी माणसाला स्वतःला विचारलं, काही ठिकाणी त्याच्याबद्दल दुसऱ्याला. बायकांच्या आकड्यावर परिणाम झाला तो प्रश्न कसा विचारला याचा. थोडक्यात विचारलं की बायकांचं काम कमी भरलं. उत्तर कोणी दिलं यानं बायकांच्या आकड्यात फरक पडला नाही. उलट पुरुषांबद्दल दुसऱ्याला विचारलं तेव्हा पुरुषांचाच सहभाग घसरला.

मी गप्प झालो तो इथं. तिला सोयीचा नसलेला निष्कर्ष तिनं आपणहून माझ्यासमोर ठेवला होता. लेख लिहिताना मी असं एकदाही केलं नव्हतं. नवऱ्यावर खापर फोडून मोकळं होता आलं असतं, तर मलाही ते परवडलं असतं. पण प्रश्न मी विचारला होता, आणि तोही एकच, "मंडळी काय करतात?"

तरीही मी हार मानली नाही. मास्तर माणूस. मी म्हटलं, "ठीक आहे, मोजणी कच्ची आहे. पण २००४ मध्येही कच्ची आणि २०११ मध्येही तितकीच कच्ची. प्रश्न तेच, कोड तेच. मग घसरण मोजणीतून कशी येईल? बायका घरी बसल्याच असणार." हा मुद्दा मला आजही खरा वाटतो, आणि तिनं तो खोडला नाही. ती म्हणाली, "घसरण आहेच सर. पण तुम्ही तिला सुटका म्हणालात. गायरान गेलं, जनावरं दारात बांधली गेली. चारायला नेणारी बाई मजुराइतकी दिसायची, दारातल्या गाईला पेंढा टाकणारी दिसत नाही. मळणी यंत्रावर गेली. जे सलग काम होतं ते संपलं, आणि उरलं ते घराभोवती अर्ध्या-अर्ध्या तासात विखुरलं. ते तुमच्या ३० दिवसांत कसं बसवायचं? आणि काम सुटलं ते त्यांनी सोडलं की मिळेना म्हणून सुटलं, हे तुम्ही कुठं पाहिलंत?"

मग तिनं २०११-१२ च्या त्याच पाहणीचा आणखी एक अहवाल उघडला, जिच्या आकड्यांवर माझा लेख उभा होता. ९२ आणि ९३ कोडच्या बायकांना त्या पाहणीत आणखी प्रश्न विचारले होते. परसबाग करता का, कोंबड्या पाळता का, सरपण आणता का, गोवऱ्या थापता का, बाहेरून पाणी आणता का. आणि शेवटी : घरच्या घरी काम मिळालं तर कराल का? ग्रामीण भागातल्या अशा बायकांपैकी साधारण एक तृतीयांश जणींनी हो म्हटलं होतं. सर्वांत जास्त पसंती शिवणकामाला. ज्यांची उन्हातून सुटका झाली म्हणून मी आनंद व्यक्त केला होता, त्यांच्यातल्या दर तिघींमागे एक काम मागत होती, आणि ते त्याच पाहणीत नोंदलेलं होतं. मी तिथवर गेलोच नव्हतो. मला हवा तो आकडा आधीच मिळाला होता.

पुढचे काही महिने मी विद्यार्थ्यासारखा वाचत होतो. देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी सत्तरच्या दशकातच राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या काही गावांत लोक दिवसभर काय करतात ते टिपलं होतं. 'काम न करणाऱ्या' म्हणून नोंदलेल्या बायका त्यांना निंदणी करताना, गवत कापताना, गुरं राखताना सापडल्या. १९७४ चा 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' अहवाल आणि इला भट्टांच्या अध्यक्षतेखालचा १९८८ चा 'श्रमशक्ती' अहवाल माझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. दुसऱ्यावर शिक्का एकदाच उमटलेला होता, आणि तो माझ्या नावावर नव्हता. सर्वांत झोंबलं ते कुमुदिनी दांडेकरांचं काम. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या. रोजगार हमी योजना ही स्त्रियांना मिळालेली कामाची संधी आहे, अशा अंगानं त्यांनी १९८३ साली लिहिलं. हे तर मी एम. ए. ला वाचलं होतं, परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलं होतं. वि. स. पाग्यांची योजना, दुष्काळातलं १९७२ साल, १९७७ चा कायदा, सगळं घडाघडा. बंडिंगच्या, पाझर तलावाच्या, रस्त्याच्या कामावर बायका झुंडीनं आल्या, कारण काम गावाजवळ होतं, मागेल त्याला होतं आणि मुकादमाच्या ओळखीची गरज नव्हती. माती मोजून मजुरी. जिथं काम पायी जाण्याच्या अंतरावर आलं तिथं बाई घरी बसली नाही, याचा पुरावा माझ्याच राज्यात होता. पुढे केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात एक तृतीयांश स्त्रिया असण्याची, पाच किलोमीटरच्या आत काम देण्याची, सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर त्यांना सांभाळायला बाई नेमण्याची तरतूद आली, आणि देशभरात त्या कामावरचे निम्म्याहून जास्त दिवस बायकांनी भरले. हे सगळं मला माहीत असूनही 'बायकांना काम नको असतं' या माझ्या वाक्याशी ते कधी भिडलं नव्हतं. डोक्यात दोन कप्पे होते, एक परीक्षेचा आणि एक मतांचा.

डिसेंबर २०१९ मध्ये तिच्याबरोबर मी पुन्हा त्या गावात गेलो. जुन्या फॉर्मांतली घरं तिनं मुद्दाम निवडली होती. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं द्राक्षबागा झोडपल्या होत्या. ज्या वाचल्या त्यांत थिनिंग चालू होतं. ओटा तोच, आता फरशी बसवलेला. घरमालकांचे केस पांढरे. ओळख पटली, खुर्च्या आल्या. बोलता बोलता मी, जणू स्वतःची परीक्षा घेत, विचारलं, "सूनबाई काय करतात?"

"सून ना? घरीच असते."

विद्यार्थिनीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती सरळ बागेत गेली, मी मागोमाग. वेलींखाली बायका ओळीनं उभ्या, माना वर, हातात छोट्या कात्र्या. घडातले नको ते मणी काढून टाकायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. दिवसभर मान वर करून उभं राहायचं. सून त्यांच्यातच होती. किती बाया लावल्यात, असं विचारलं तर म्हणाली, "रोजाच्या बारा. तेरावी मी."

संध्याकाळी तिच्या नवऱ्याची हिशेबाची वही मी मागून पाहिली. त्या दिवसासमोर लिहिलं होतं : बाया १२. वहीत पैशांचा हिशेब होता, आणि तेराव्या बाईला पैसे द्यायचे नव्हते. वही बरोबरच होती. चुकीचा होता माझा फॉर्म, कारण त्याचा मी पैशांच्या वहीसारखा वापर केला होता. त्या बारा जणी ५१ झाल्या असत्या. तेच काम, त्याच वेलीखाली करणारी तेरावी ९२.

विद्यार्थिनीनं सुनेकडून तक्ता भरून घेतला. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ रकाने. सरकारनंही त्याच वर्षी देशभर वेळेच्या वापराची पाहणी अशाच तक्त्यावर केली. साडेचारला उठणं, शेणकूर, दोन गाईंच्या धारा, डबे, मुलाची शाळा, बाग, बायांना चहा (हे घरकामात धरायचं की शेतीत, यावर आम्ही परतीच्या एस. टी. त पिंपळगावपर्यंत भांडलो), पुन्हा बाग, पुन्हा धारा, स्वयंपाक. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्री होती आणि नवरा मार्केटला गेलेला, म्हणून अकरा वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला तीच गेली. हे तिनं आपणहून सांगितलंच नाही. "रात्री अकरा ते साडेअकरा?" असं रकान्यावर बोट ठेवून विचारलं तेव्हा म्हणाली, "हां, मोटर टाकून आले की." धाकटीला सांभाळण्याचा तर कुठंच उल्लेख नाही, कारण ती दिवसभर तिच्या पायांतच होती.

निघताना सासूबाई दिसल्या. त्या कांदेवाल्या बाई. दोन्ही गुडघे गेलेले, खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, "आई, ओळखलं का? पंधरा वर्षांपूर्वी तुमच्या हातचा चहा प्यायलोय." त्यांना काही आठवेना. काय चाललंय म्हटलं तर म्हणाल्या, "काय चालायचं भाऊ, आता मी घरीच असते."

आता. म्हणजे २००४ मध्ये त्या, त्यांच्या स्वतःच्या भाषेत, घरी नव्हत्या.

मराठी माझी मातृभाषा आणि तरी मला हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. 'काम करणं' आणि 'कामाला जाणं' यांत आपण केवढा फरक करतो. कामाला जाते म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर जाते, रोजानं जाते. आमची मंडळी कामाला जात नाहीत, घरीच असतात, असं सांगताना नवरा पत सांगत असतो. चार एकर बागायत आहे, बायकोला मजुरीला पाठवावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बायकाही तेच सांगतात. "मी नाही बाई कामाला जात," असं दिवसभर निंदणी करून आलेली बाई म्हणते आणि ती खोटं बोलत नसते. मी प्रतिष्ठेचं उत्तर घेतलं आणि श्रमाच्या रकान्यात लिहिलं. शाळेत असल्यापासून ही बोली कानावर असलेल्या माणसानं हे करावं याची शरम वाटते. परदेशातून आलेला संशोधक चुकला असता तर समजू शकलो असतो.

२०२० च्या टाळेबंदीत वेळेच्या वापराच्या त्या सरकारी पाहणीचे निकाल आले. घरातलं बिनपैशाचं काम एखाद्या दिवशी करणाऱ्यांचं प्रमाण : स्त्रिया ८१.२ टक्के, पुरुष २६.१. जे करतात त्यांचा वेळ धरला तर स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं, पुरुष ९७. मी घरात बसून ऑनलाइन तास घेत होतो. एके दिवशी स्वतःचा तक्ता भरला. चहा पिणं आणि पेपर वाचणं यांनी तीन रकाने घेतले. रात्रीपर्यंत मी २६.१ टक्क्यांत नव्हतो. बायकोला तिचा तक्ता भर म्हटलं तर ती म्हणाली, "तूच विचार आणि तूच लिही, मला वेळ नाही." ती बँकेत होती. कोड ३१, एकदम पक्का, पाहणीत दिमाखानं उभा राहणारा. बँकेतून आल्यावर ती रोज ९२ ची पाळी करायची, ती कुठल्याच फॉर्मवर येत नव्हती. तीस वर्षं मी तिला अभिमानानं 'नोकरी करणारी' म्हणत आलो, म्हणजे तिच्या निम्म्याच दिवसाबद्दल बोलत आलो. नंतर भांडी माझ्याकडे आली. २०२४ च्या पाहणीत पुरुषांची मिनिटं ९७ वरून ८८ झाली, तेव्हा बायको म्हणाली, "तुझ्यामुळे नसतील हं कमी झाली." एवढं प्रशस्तिपत्रक मला पुरे.

मत बदललं म्हणजे सगळं उलटं करून ठेवलं असं मात्र नाही. अलीकडे स्त्रियांच्या श्रमसहभागाचा आकडा भराभर वाढलाय. १५ वर्षांवरच्या स्त्रियांत २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के, २०२३-२४ मध्ये ४१.७. माझे जुने मित्र म्हणतात, बघ, यूची उजवी बाजू आली! पूर्वीचा मी उडीच मारली असती. आता मी खालच्या ओळी बघतो. काम करणाऱ्या स्त्रियांत स्वयंरोजगारातल्या २०१७-१८ मध्ये ५१.९ टक्के होत्या, २०२३-२४ मध्ये ६७.४. आणि त्यांत मोठा वाटा २१ या कोडचा, बिनपगारी मदतनीस. काम करणाऱ्या दर तिघींत एकीहून जास्त. काही अभ्यासक म्हणतात, अखेर मोजणी सुधारली. काही म्हणतात, कोविडनंतर ओढगस्त आली म्हणून घरच्या शेतीत माणसं वाढली. माझं म्हणणं असं की तेरावी बाई ९२ वरून २१ वर आली, हे चांगलंच झालं, त्यासाठी पन्नास वर्षं लोक भांडले. पण वहीत अजून 'बाया १२'च आहे. नुसतं मोजून पगार होत नाही आणि सातबाऱ्यावर नाव चढत नाही. या बाबतीत माझं माझ्या विद्यार्थिनीशी पटत नाही. ती म्हणते आधी मोजू द्या. मी म्हणतो, मी आयुष्यभर मोजत आलो, मला मोजणीचा भरवसा तुझ्यापेक्षा कमी आहे.

आता शेवटचं, जे सांगायला मी इतका वेळ टाळाटाळ केली. माझ्या कॉलेजच्या प्रवेशअर्जावर वडिलांचा व्यवसाय 'शेती व दुग्धव्यवसाय' आणि आईचा 'घरकाम' असं मी लिहिलं होतं. सिन्नर तालुक्यातलं आमचं गाव, कोरडवाहू जमीन. घर चालायचं ते दोन म्हशींवर. धारा आई काढायची, वैरण आई आणायची, दूध डोक्यावरून संस्थेत आई न्यायची. संस्थेचं कार्ड वडिलांच्या नावावर, पैसे वडिलांच्या सहीनं. वडिलांचा तो व्यवसाय होता हे मी खोटं लिहिलं नव्हतं. कार्डावर तसं होतं. १९८६ च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं. गावातून ट्रक गेला. बाईच्या कष्टाचं मोल तिथं काढणार होते. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, संघटनेचा बिल्ला लावून हिंडणारा. आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, "अन् धारा कोण काढील?" मी ट्रकमध्ये चढलो, तिथली भाषणं ऐकली, टाळ्या वाजवल्या. धारा मी काढतो, तू जा, हे सुचलंच नाही.

आई आता ८३ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत एक कोरा तक्ता घेऊन मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, म्हशी होत्या तेव्हाचा एक दिवस सांग. "काय काम करायचीस" असं विचारायचं नाही, एवढं शिकलो होतो. ती सांगत गेली. कोणत्या म्हशीला फॅट सात लागायची, कोणती लाथ मारायची, संस्थेतला माणूस मापात कसं मारायचा. मी पेन धरून पहिल्या रकान्याशी थांबलो.

"चारला उठायचीस ना? चारपासून सांग."

"चार?" ती म्हणाली. "चारला तर एक धार होऊन जायची. तीनला उठायचे."

तक्ता चारला सुरू होतो. मी पान खाली सरकवलं आणि तिच्या दिवसाची सुरुवात शेवटच्या दोन रकान्यांत लिहिली.